दाजींचा हिरवा

भूत, करणी, अंगात येणं... आमच्या घरात असला विषय निघाला की हसण्याचं काम माझ्याकडे असतं. दिवा आपोआप लुकलुकला तर बाकीचे देवाचं नाव घेतात आणि मी स्टूल आणून होल्डर बघतो. बेंबळीत राहतो, शाळेत क्लार्क आहे, वय चौतीस. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं वाचून तुम्ही मला हसणार. हसा. अर्ध्यापर्यंत मीपण हसतच होतो.

मागच्या वर्षी मला स्वतःच्या हातानं गेमिंग कॉम्प्युटर जोडायचं वेड लागलं. तीन महिने नुसते व्हिडिओ बघितले. प्रोसेसर कुठला, पॉवर सप्लाय किती वॉटचा... बायको विचारायची भाजीत मीठ बरोबर आहे का, आणि मी सांगायचो, "सोळा जीबी पुरे होईल." एवढ्या अभ्यासानंतर आधी कॅबिनेट आलं, मग ग्राफिक्स कार्ड, आणि ते कार्ड त्या कॅबिनेटमध्ये बसेना! दोन बोटं लांब. मी लांबी सोडून बाकी सगळं तपासलं होतं.

"आधी डोकं मोजायचं होतं," बायको म्हणाली.

कॅबिनेट बदलून आणलं. राहिला मॉनिटर. तिथं मात्र मी शहाणपणा केला — दाजींना सोबत घेतलं.

दाजी म्हणजे आमच्या आक्काचे मालक. तेरखेड्याकडं फटाक्याच्या एका कारखान्यात वीस वर्षं रंगाचा मसाला मिसळत होते. वर आभाळात लाल, हिरवं, जांभळं फुटतं ना, ते त्यांच्या हातचं. नजर अशी की माझ्या लग्नात नवरीचा शालू लांबून बघून म्हणाले होते, "पदर येगळ्या रंगात बुडवलाय." सासुरवाडीकडचे अजून ते विसरले नाहीत.

धाराशिवच्या दुकानात तीन मॉनिटर शेजारी शेजारी चालू करून ठेवले होते. मी सेल्समनवर छाप पाडायला हर्ट्झ आणि रिस्पॉन्स टाईम विचारत होतो. दाजी हात मागं बांधून बघत उभे.

"ह्याचा पांढरा पिवळा पडलाय," ते म्हणाले. "त्येचा काळा काळाच न्हाय, राखाडीय. मधला घ्या, पाव्हणं." मग सेल्समनला म्हणाले, "नुसता हिरवा दाखवा बरं."

त्यानं पूर्ण स्क्रीन हिरवी केली. दाजींनी मान हलवली.

"चांगलाय. पर आमचा न्हाय."

"दाजी, कोट्यवधी रंग येतात ह्यात!"

"येत आसतील. आमच्यावाला न्हाय त्यात. आमचा हिरवा जळतो, पाव्हणं. त्येच्या कडंला पांढरं आसतं. डोळं मिटलं तरी जात न्हाय."

मी सेल्समनकडं बघून डोळा मारला. मधला घेतला.

जोडणी रविवारी सकाळी, आमच्या पुढच्या खोलीत. मी मदरबोर्डच्या खोक्याला हात घालणार तेवढ्यात दाजी ओरडले, "थांबा!" त्यांनी न्हाणीतून पोतं भिजवून आणलं आणि उंबऱ्यात टाकलं. मला घड्याळ, अंगठी काढायला लावली. पोत्यावर अनवाणी उभं केलं, वाकून जमिनीला हात टेकायला लावला. कारखान्यात मसाल्याच्या खोलीत जाताना असंच करायचं म्हणे. मोबाईल बाहेर कोनाड्यात, खोलीत एका वेळी एकच माणूस, आणि मालाला हात लावायच्या आधी भुईला हात.

"उन्हाळ्यात अंगात करंट साठतो," ते म्हणाले. "लोकर, टेरिकॉट, काय बी नगं. एक ठिणगी बास हाय."

तसं व्हिडिओतही सांगतात — स्टॅटिकनं पार्ट जळतो, आधी धातूला हात लावा. तिथं मनगटाला पट्टा बांधतात, आमच्याकडं पोतं. त्यानंतर मी प्रत्येक स्क्रूला नाटकीपणानं खाली वाकून जमिनीला नमस्कार करत होतो आणि बायको दारात उभी राहून, "आता पाळण्यात घाला त्याला," म्हणत होती. दाजी हसले नाहीत. दरवेळी हात टेकतोय का, ते बघत होते.

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. मी सगळं उसकटलं, परत जोडलं, घामाघूम झालो. शेवटी दाजींनीच मागं वाकून विचारलं, "ही वायर हितं वर हाय, आन् तुमचं ते लांबडं कार्ड तर खाली हाय... मग?" मॉनिटरची केबल मी कार्डाला लावायची सोडून मदरबोर्डला लावली होती. ज्यांना कळतं ते आता हसले असतील. बाकीच्यांनी नंतर हसा.

त्यानंतर महिन्याभरानं, मार्चमधला शनिवार. सकाळची शाळा करून साडेअकराला घरी आलो. लाईट नव्हती, गावातच नव्हती. यूपीएस मी घेतलेला नाही (तोही शहाणपणाच). लाईट गेली की बायको मॉनिटरचा प्लग काढून ठेवते, तसा तो काढलेला होता. वायर टेबलाच्या पायाशी पडलेली. मी चपला काढल्या, पुढच्या खोलीत वळलो...

मॉनिटर चालू होता.

पूर्ण हिरवा. पण तो दुकानातला हिरवा नव्हता. कसा सांगू... स्क्रीनवर रंग असतो तसा तो नव्हता, तो जळत होता. कडेला पांढरं होतं. मी डोळे मिटले. गेला नाही.

मी घाबरलो असं म्हणालो असतो तर माझी काहीतरी इज्जत राहिली असती. मी घाबरलो नाही. मला आनंद झाला! कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरला असणार, असलं काहीतरी मी मनात जुळवून टाकलं आणि पहिला विचार आला तो हा — दाजींना हरवलं. म्हणाले होते ना, येणार नाही.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. कोनाड्यात असणार, मला माहीत होतं. परत लावला. परत. मला दमच निघेना. आठव्या-नवव्या वेळेला उचलला.

"पाव्हणं? तुमच्या आक्काला काय झालं का?" धापा टाकत होते.

"दाजी, तुमचा हिरवा आला! माझ्या मॉनिटरवर! कडेला पांढरं आहे बघा!"

त्यांनी विचारलं, "लाईट हाय का गावात?"

"नाही की! त्याचीच तर गंमत आहे."

"हात लावला का त्याला?"

"अजून नाही."

"लावू नका. ऐका माझं. आधी पोतं भिजवा, भुईला हात टेका, मगच जवळ जा. कळलं का? भुईला हात." आणि मग घाईघाईनं, "काम आर्धं टाकून आलोय. ठेवतो."

मी फोन खाली ठेवला आणि बघितलं तर स्क्रीन काळी होती.

पाऊण तासानं आक्काचा फोन आला. तिला नुसतं रडता येत होतं.

मसाल्याच्या खोलीत भडका उडाला होता. आत दाजी एकटेच होते म्हणून बाकी कुणाला काही झालं नाही. बाहेर पोत्यावर पाणी मारणारे एक म्हातारे काका होते, त्यांनी सोलापूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात मला सांगितलं. "फोन लई वाजत हुता. घरचं कायतरी आसंल म्हनून म्याच हाक मारली त्याला. बोलून झाल्यावर पळतच आत गेला. वीस वर्सात पयल्यांदा बघितलं — पोत्यावर थांबला न्हाय, वाकला न्हाय." मग त्यांनी विचारलं, "कुनाचा हुता ओ फोन?"

मी सांगितलं, माझा. काकांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि उठून गेले.

दाजी जगले. हात कोपरापर्यंत गेल्यात जमा आहेत, आणि डोळे दोन्ही गेले. ज्या नजरेवर मी माझा मॉनिटर निवडला ती.

आता विचारा. माझं स्वतःला सगळं विचारून झालंय. दुकानदाराच्या माणसानं मॉनिटर खोलून बघितला, सगळं ठीक. चार्ज उरला तरी असा रंग मिनिटभर टिकत नाही, तो म्हणाला. उन्हाचं प्रतिबिंब? खिडकी बंद होती. मनाचा खेळ? असेल. पण मला तो रंग माहीतच नव्हता, तर मनानं तो आणला कुठून? आणि रात्रंदिवस छळणारा प्रश्न वेगळाच आहे. तो हिरवा दाजींना वाचवायला आला होता आणि मला ते कळलं नाही? की त्याला दाजींना त्या खोलीतून एकदा बाहेर काढून परत आत न्यायचं होतं आणि त्यासाठी एक बढाईखोर मेहुणा हवा होता? सकाळी ते वाकूनच आत गेले होते, मी फोन केला नसता तर तसेच काम करत राहिले असते.

आक्का माझ्याशी बोलते, पण माझ्याकडं बघत नाही. दाजी बोलतात. एकदाच म्हणाले, "तुमाला सांगायच्या नादात माझं राह्यलं, पाव्हणं." आणि हसले.

गेल्या आठवड्यात दोघं आमच्याकडं आले होते. दुपारची वेळ, दाजी पुढच्या खोलीत खुर्चीवर. कॉम्प्युटर मी त्या दिवसापासून लावलेला नाही. मॉनिटरवर जुनी चादर आहे, त्याची वायर मी माळ्यावर टाकलीय. बायकोनं चहा आणला, मी बशीत ओतून त्यांच्या तोंडाला लावला. दोन घोट घेऊन त्यांनी मान वळवली. बरोबर टेबलाकडं.

"पाव्हणं, बंद करा की ओ तो. टोचतंय."

"काय बंद करू, दाजी?"

"हिरवा."

बशी खाली ठेवली. मी उठलो. न्हाणीतून पोतं भिजवून आणलं, त्यावर उभा राहिलो, जमिनीला हात टेकला. मग चादर काढली. काळी काच, त्यात माझं तोंड, मागं खुर्चीत दाजी. तरी मी बटण दाबलं.

"झाला का बंद?" मी विचारलं.

"न्हाय," दाजी म्हणाले.

तुमच्यात कुणी जाणकार असेल तर एवढंच सांगा — वायर नसलेला मॉनिटर बंद कसा करायचा?