सील केलेली पेटी

आमच्या वरच्या मजल्यावरचे शरच्चंद्र नेने दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून पारखून घेतात. छत्तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिथे कागद गहाळ झाला की संशय आधी माणसावर, मग उंदरावर. ते निवृत्त झाले. सवय काही निवृत्त झाली नाही.

त्यांच्या पत्नी उल्काताई गाणं शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता फक्त कुजबुजतात. तेवीस वर्षांच्या शिकवणीची रेकॉर्डिंग्ज मात्र कॉम्प्युटरला जोडायच्या एका काळ्या पेटीत होती. पेटीत दोन हार्ड डिस्क, आणि तो आवाज आता तेवढ्या पेटीतच उरलेला. मीही तो खालच्या मजल्यावरून वर्षानुवर्षं फुकट ऐकलाय.

त्यांचा कॉम्प्युटर रखडायला लागला म्हणून मी योगेशचं नाव सुचवलं. मुलगा लातूरकडचा, हिंजवडीत नोकरीला, आमच्याच इमारतीत भाड्याने राहणारा. रविवारी सकाळी माझ्यादेखत त्याने जुनं विंडोज काढून नवं टाकलं. मग पेटी जोडली, तर पडद्यावर आलं: डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

"तू काहीतरी दाबलंस," शरच्चंद्र म्हणाले.

"काका, मी फक्त वायर जोडली. पेटीच्या आत हातच लावला नाही."

"हात न लावता काम उरकणारे नोकरीत पुष्कळ पाहिलेत मी."

हे बोलताना त्यांची नजर माझ्यावर होती. मी सुचवलेला माणूस म्हणजे मीही त्या कटात. खरं सांगतो, मला राग आला. पण दारात उल्काताई गळ्यावर हात ठेवून उभ्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून रागापेक्षा भीतीच जास्त वाटली.

योगेशने वायर बदलली. पेटी स्वतःच्या लॅपटॉपला लावून पाहिली. तेच.

"उघडून बघावी लागेल, काका."

"पंचांशिवाय सील फुटणार नाही." पेटीच्या झाकणावर कागदाची पट्टी डकवलेली, तिच्यावर त्यांची सही आणि कालची तारीख. मी पंच व्हायला पुढे झालो. "तुम्ही नको. तुम्ही ह्याचे जामीन." झालं, मी मागे सरलो.

योगेश पेटीसमोर उकिडवा बसून बघत राहिला. "काका, दिवे दोन आहेत. लागतोय एकच. आत डिस्क दोन आहेत ना?"

"एकच आहे," शरच्चंद्र शांतपणे म्हणाले. "दुसरी काल मीच काढून कपाटात ठेवली. परका माणूस कॉम्प्युटर हाताळणार. नक्कल पळवली तरी मूळ प्रत माझ्या हातात."

योगेशने कपाळावर हात मारला. "अहो काका, ह्यात मूळ अन् नक्कल असं काही नसतंय! बसवून देणाऱ्यानं काय सांगितलं होतं?"

"दोन्हीत मिळून एक."

"मिळून! म्हणजे अर्धं हिच्यात, अर्धं तिच्यात. एका डिस्कवर काहीच वाचता येत नाही. बरं झालं, फॉरमॅटला हो म्हटलं नाही आपण."

शरच्चंद्रांचा चेहरा उतरला. आयुष्यभर दुबार प्रतीवर भरवसा ठेवलेला माणूस. "मिळून" हा शब्द त्यांनी ऐकला होता, समजून घेतला नव्हता. त्यांनी कपाटातून डिस्क आणली आणि स्वतःच पट्टी फाडली.

दोन्ही दिवे लागले. योगेशने समोर आली ती पहिली फाईल उघडली. तंबोरा लागला आणि उल्काताईंचा तो भरदार आवाज खोलीभर झाला, मधेच एका मुलीला "घाई कसली आहे गं?" म्हणून दटावणारा. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

उल्काताई आत आल्या. त्या योगेशजवळ वाकल्या आणि कुजबुजल्या, "ह्याची खरी नक्कल करून तुझ्या घरी ठेव. आणि कुठे ठेवलीस, ते ह्यांना सांगू नकोस."

शरच्चंद्रांनी ते ऐकलं. त्यांनी पावती मागितली नाही.