वॉकीटॉकीची तिसरी जोडी

मुरबाडच्या बाजारात आमचं दोर, ताडपत्र्या, पाइप आणि घमेल्यांचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे अंगण, अंगणापलीकडे पत्र्याचं गोदाम. गोदामात मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे वडिलांपासून एकच पद्धत चालत आलेली: मागच्या दारात जायचं आणि गोदामाकडे तोंड करून बोंबलायचं. पलीकडच्या दारात मावशी उभ्या असायच्या. म्हसा गावाकडच्या, वीसेक वर्षं आमचं गोदाम सांभाळणाऱ्या. आमच्या तोंडाकडे बघायच्या, मान हलवायच्या आणि नेमकं हवं तेच आणून द्यायच्या.

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, शहापूरच्या एका मोठ्या दुकानात कामगारांच्या कमरेला वॉकीटॉकी बघितले आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. निवडायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

विकणारा म्हणाला, पाच किलोमीटर रेंज. मी म्हटलं, बाबा, मला पन्नास पावलं हवीत, फक्त मध्ये दोन भिंती आणि पत्रा आहे. तो पुन्हा पाच किलोमीटरवरच आला. शेवटी एक जोडी उचलली.

आता मी इकडून बोललो की मावशी बटण दाबून "हां" म्हणायच्या, अंगण ओलांडून काउंटरवर यायच्या आणि विचारायच्या, "काय आनू?" डोकं फिरायची पाळी आली. चालणं वाचावं म्हणून यंत्र घेतलं, तर त्यांचं चालणं दुप्पट झालं! मी खरखरीला दोष दिला आणि दुसरी जोडी आणली. आवाज अगदी स्वच्छ. तरीही "हां", आणि मावशी काउंटरवर हजर.

दादा वैतागला. "यंत्राला काय नाय झालं, मावशीच थकल्यात. म्हसाच्या बैलांच्या जत्रेआधी जमलं तर ठीक, नायतर त्यांना घरी बसव. तरणी पोरगी ठेवू."

मावशींच्या घरात पगार आणणारं दुसरं कुणी नव्हतं. मला दादाचा राग आला आणि खरं सांगायचं तर मावशींचा जास्त आला. एवढंसं यंत्र, त्यात काय एवढं अवघड?

हट्टाने तिसरी जोडी घेतली. जाडजूड, आवाज असा की शेजारच्या दुकानात ऐकू जावा. आधीच्या दोन्ही जोड्यांवर कुणी बोललं की लाल दिवा लागायचा, हिला दिवा नव्हता. दिव्याचं काय लोणचं घालायचंय, असं म्हणून मी पैसे दिले.

या जोडीवर "हां"सुद्धा बंद झालं. पाइपाचं गिऱ्हाईक ताटकळत उभं, मी पाच वेळा हाका मारल्या, दादा माझ्याकडे बघतोय. शेवटी माझा सेट त्याच्या हातात आदळला आणि तणतणत गोदामात गेलो.

मावशी दाराकडे पाठ करून दोराची भेंडोळी रचत होत्या. हाताच्या अंतरावर पोत्यावर सेट ठेवलेला, आणि त्यातून दादाचा आवाज पत्र्याला धडकत होता, "मावशी! ओ मावशी!" त्या शांतपणे भेंडोळी रचत होत्या.

मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकल्या. माझं तोंड बघूनच त्यांना सगळं कळलं असावं.

"त्या डबड्यात मानसाचं तोंड नाय दिसत, भाऊ," त्या म्हणाल्या. "दिवा लागायचा तवा तरी समजायचं, कोनतरी बोलवतंय." मग हळूच म्हणाल्या, "दादांना नका सांगू."

रेंज पारखली, बॅटरी पारखली, खरखर पारखली. त्या बाईकडे मात्र मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

दादाला सांगितलं, मला काउंटरचा कंटाळा आलाय, गोदाम मी बघतो, मावशींना दोर मापायच्या टेबलावर बसव. तिथे गिऱ्हाईक अगदी समोर उभं राहून बोलतं. दादाने कुरकुर केली, पण जत्रा तोंडावर होती, म्हणून तयार झाला.

जत्रेच्या आठवड्यात बैलवाल्यांची झुंबड उडाली. मी गोदामात ताडपत्र्यांच्या ढिगात बुडालो होतो आणि सेटवर दादा करवादत होता.

"मावशींकडून शिक जरा! गिऱ्हाइकाने तोंड उघडायचा अवकाश, दोर मापून तयार. तुला एकेक गोष्ट तीनदा सांगायला लागते. बहिरा झालास काय रे?"

मी बटण दाबलं आणि म्हणालो, "हां."