पस्तीस फुटी हेडर आणि दुसरी सीट

आमच्या धाकट्या काकांना घरात सगळे मासेकाका म्हणतात. हार्वेस्टरच्या काचेच्या केबिनमध्ये ते एकटेच बडबडत असतात. बाहेरून नुसतं तोंड उघडताना-मिटताना दिसतं, आवाज शून्य. गेले सतरा हंगाम हा मासा त्या टाकीत आहे. गहू संपला की जव, आपलं शेत संपलं की शेजाऱ्याचं. जमिनीवर उतरले तरी पहिली पाच मिनिटं ते थरथरत्या आवाजात बोलतात, जणू इंजिन अजून खाली चालूच आहे.

त्यांना उतरायचं होतं, कायमचं. तंत्रशाळेतून पत्र आलं होतं: इंजिनदुरुस्ती शिकवायला या, शुक्रवारपर्यंत कळवा. काकूने ते पत्र काकांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं, म्हणजे रोज चष्मा काढताना हाताला लागेल.

घरात सगळं ठरवतात थोरले काका. दारात उभं राहून दोनदा खाकरायचं आणि "बरं का, ठरलंय," म्हणायचं, ही त्यांची चर्चा. पण हंगामाच्या तोंडावर जुना हेडर मोडला. हेडर म्हणजे मशीनच्या पुढचा आडवा जबडा. पीक कापतो आणि आत ढकलतो. त्यातलं थोरल्यांना ओ की ठो कळत नाही. ते चक्क म्हणाले, "तू म्हणशील तो घेऊ."

"सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं तुम्हाला," काकू म्हणाली, "आणि तेही काय, तर जबडा! ऐका. वीस फुटी घेतला तर दादांचा लेकही चालवेल, तुम्ही सुटलात. पस्तीस फुटी तुमच्याशिवाय कोणाला झेपायचा नाही. तोंड उघडायचं आणि 'वीस' म्हणायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"आणि 'तसं बघायला गेलं तर' म्हणू नका. तुम्ही खोटं बोलायला लागलात की तेच येतं तोंडात."

दुकानाच्या मागच्या आवारात दोन्ही हेडर शेजारी शेजारी मांडले होते. विक्रेता टाय सावरत धावला. "या सर! हा बघा सर, वीस फुटी सर, दणकट सर. आणि हा पस्तीस सर, याचं तर बोलायलाच नको सर." आणि मग पाऊण तास तेवढंच बोलला.

काका वीस फुटीच्या खाली सरपटत गेले. नुसते बूट बाहेर. बुटांशेजारी थोरले उभे. "काय दिसतंय?" बूट हलले. मग बूट पस्तीस फुटीखाली गेले आणि तिथे बराच वेळ राहिले.

काका बाहेर आले तेव्हा पाठीला माती होती आणि चेहरा पडलेला.

"बोल," थोरले म्हणाले.

"तसं बघायला गेलं तर, दादा... वीस फुटी बरा."

"ठरलं." थोरल्यांनी विक्रेत्यापुढे हात केला.

काकांचा हात खिशात गेला. खिशात तारेची चौकट असते, फूटभर लांब, फूटभर रुंद, घडी घालून ठेवलेली. कापणी करता करता मशीन थांबवायचं, मागे घ्यायचं, ती चौकट जमिनीवर टाकायची आणि आत सांडलेले दाणे मोजायचे. गेल्या वर्षी चाळीस भरले होते. त्या दिवशी काका जेवले नव्हते.

"थांबा दादा. चाळीस."

"चाळीस फुटीही आहे सर!" विक्रेता आनंदला.

"दाणे, दाणे! या वीस फुटीत आपल्या जुन्यासारखंच मळसूत्र फिरतं. दोन्ही बाजूंनी पीक मध्ये खेचतं. आपला जव आडवा पडतो, त्याचा गोळा होतो, ओंब्या आपटतात. दाणा बाहेरच्या बाहेर जातो. त्या पस्तीसला पट्टे आहेत, रबरी. पीक अलगद निजवून आत नेतात, ओंबी पुढे." बोलता बोलता त्यांनी तळहातावर दुसरा तळहात सरकवून दाखवला. मग हात खाली घेतले. "पस्तीसच घ्या."

"चालवणार कोण?"

"मीच की. आणखी कोण?" ते विक्रेत्याकडे वळले. "केबिनमध्ये दुसरी सीट बसते का हो?"

"बसते सर! शिकाऊची सर!"

"तीही द्या."

घरी काकू दारातच. "किती?"

"तसं बघायला गेलं तर..."

"कळलं." ती आत वळली. थोड्या वेळाने आतूनच तिचा आवाज आला, "आता ती टाकी काही सुटत नाही तुमची."

"दुसरी सीट घेतलीय. शिकवीन कोणाला तरी."

"कोणाला? दादांच्या लेकाला? तो वळणावर फोन बघतो." भांडं आपटल्याचा आवाज. मग बाहेर येऊन, हात पुसत, "मी बसते."

"अगं, दिवसभर त्या डब्यात जीव गुदमरतो!"

"सतरा वर्षं या स्वयंपाकघरात आहे मी. तुमचा डबा निदान काचेचा तरी आहे."

काकांनी बोटांवर मोजलं. "तीन हंगाम लागतील शिकायला."

"एक." तिने चष्म्याची डबी त्यांच्यापुढे उघडली आणि कोरा कागद ठेवला. "कळवा त्यांना. पुढच्या वर्षी नक्की येतो म्हणावं."

"आणि नाही थांबले तर?"

"लिहा आधी."

काकांनी पेन झटकलं, मायना घातला आणि पहिली ओळ लिहिली: तसं बघायला गेलं तर...

"खोडा," काकू म्हणाली.