नागपूरला नेण्यासारखं यंत्र

बदलीच्या नोकरीत माणसाला एक खोड लागते. कुठलीही वस्तू घेताना ती आधी मनातल्या मनात ट्रकमध्ये चढवून बघायची. आमचा पलंग सुटा होतो, जेवणाचं टेबल मिटतं. निवृत्तीनंतर मी भोपाळच्या बाग सेवनिया भागातल्या घरी लाकूड कोरायचं छोटं यंत्र बनवायला घेतलं, तेव्हा चौकट अर्थातच अॅल्युमिनियमची ठरली. हलकी, नटबोल्टची, नागपूरला नेण्यासारखी. इथलं घर विकायचं आणि तिकडे भावाशेजारी फ्लॅट घ्यायचा, हे मी ठरवून टाकलं होतं. बायकोला मात्र भोपाळ सोडायचं नव्हतं. "मला आता पुन्हा नव्या गावात ओळखी करायच्या नाहीत," ती म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं.

अॅल्युमिनियमने माझी चांगली जिरवली. हाताने दाबली तर चौकट ढिम्म हलायची नाही, पण कटर सागवानात शिरला की सगळी थरथरायला लागायची. दारावरची पाटी कोरायला घेतली, तर अक्षरांच्या कडांना दाते आले.

"थंडी वाजतेय का हिला?" बायकोने विचारलं.

चौकट वाकता कामा नये आणि तिने थरथर पोटात जिरवली पाहिजे. कारखान्यात त्यासाठी बिडाचं जड लोखंड ओततात; घरी कोण ओतणार? मग जाड लोखंडी चौकोनी पाइप घ्यायचे आणि त्यांत कोरडी रेती भरायची, असं ठरवलं. पण डोक्यातून ट्रक काही जाईना. शेवटी मधला मार्ग काढला: रेती फक्त तळाच्या पाइपांत, वरची कमान पोकळ. म्हणजे बोल्ट काढले की दोन हमाल आरामात उचलतील.

जवाहर चौकाजवळच्या वेल्डिंगवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. सगळी मापं सांगून झाल्यावर मी ऐटीत म्हणालो, "और खाली जो पाइप हैं, उनमें रेत भरके मुँह बंद कर देना।"

"सब में?" त्याने विचारलं.

"हाँ, जितने खाली हैं, सब में।"

टेम्पोतून चौकट उतरवताना चौघांच्या नाकी नऊ आले. मला शंका आली. कमानीवर टिचकी मारली, तर आवाज भरीव. वेल्डिंगवाल्याला फोन लावला.

"साब, खाली तो सारे ही थे," तो शांतपणे म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला काय माहीत नव्हतं? पण घाईत जीभ मराठीकडेच वळते. गंमत म्हणजे यंत्र झकास चाललं. पाटीची अक्षरं अशी स्वच्छ उतरली की मी त्यांवरून उगाच बोट फिरवत बसलो. मग पुन्हा कुरकुर सुरू केली, हे धूड नागपूरला न्यायचं कसं?

"तो वेल्डिंगवाला काय समजला, ते मला तिथेच कळलं होतं," बायको म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"इथून जायचं नाही, हे बोलले होते की. तुम्ही हसलात."

लाज वाटली, खरंच वाटली. मी तिच्यासमोरच भावाला फोन केला आणि फ्लॅट बघू नकोस म्हणून सांगितलं. तिने माझी बाही धरली, ती फोन ठेवेपर्यंत सोडली नाही.