डावं मागचं चाक : एकोणीस

तुमच्या गाडीत टायरच्या हवेचा इशारा वाजला, तर तुम्ही आधी खाली उतरता की आधी बटण दाबता? खरं सांगा. मीही खरंच सांगणार आहे.

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीच मी मानत नाही. आजही नाही. माझे पप्पा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापून वाटायचे. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरात मी पाठ्यपुस्तकाआधी पत्रकं वाचायला शिकले. अशा 'अनुभवां'च्या सदरांवरही त्यांनी एक पत्रक काढलं होतं – आधी पुरावा दाखवा, मग घाबरवा. आणि मी आज अशाच एका सदरात लिहितेय. पुरावा माझ्या टेबलावर आहे. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

आमची गाडी जुनी. टायरची हवा दाखवणारं यंत्र मीच तिला बसवून घेतलं होतं. चार चाकांच्या हवा भरायच्या व्हॉल्व्हवर सेन्सरची चार टोपणं आणि डॅशबोर्डवर काडेपेटीपेक्षा जरा मोठी, उन्हावर चालणारी स्क्रीन. तिच्यावर चार आकडे. पप्पांचा त्यावर विश्वास नव्हता. दर रविवारी सकाळी, चाकांवर ऊन यायच्या आत, ते हवा मोजायचं हातातलं गेज लावून चारही चाकं तपासायचे आणि प्रत्येक टायरवर खडूनं आकडा लिहायचे. ३३, आमच्या गाडीला एवढी हवा लागायची. खडू कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात. घरात नियमच होता – जो हवा बघेल, त्यानं पप्पांकडून खडू मागून घ्यायचा आणि आकडा लिहायचा.

"तुमच्या यंत्राला गुडघे हायेत का, मॅडम?" ते मला विचारायचे. "खाली बसल्याशिवाय हवा कळत नाय."

"तुम्ही तर कुणापुढंच गुडघे टेकत नाही म्हणता."

"टायरपुढं टेकतो. टायर खोटं बोलत नाय."

त्या रविवारी आम्हाला देवगाव रंगारीच्या पुढं एका वस्तीवर जायचं होतं. तिथं एका बाईवर करणीचा आळ घेतला होता आणि पप्पा तिच्या बाजूनं बोलणार होते. अकराची वेळ दिलेली. आम्हाला उशीर झाला होता, पप्पांचं हवा बघणंही राहिलं होतं. पप्पा आत पत्रकं बांधत होते. मी गाडी चालू केली, तर स्क्रीन वाजायला लागली. डावं मागचं चाक – १९.

तेच सेन्सर आदल्या आठवड्यात दोनदा उगाच वाजलं होतं. मी खाली उतरले नाही. बटण तीन सेकंद दाबून धरलं. रीसेट. म्हणजे काय, तर आत्ता जी हवा आहे तीच बरोबर, असं यंत्राला सांगायचं. ते लगेच ऐकतं. वाजायचं थांबलं. आकडा परत दिसू नये म्हणून मी स्क्रीनवर पत्रकांचा एक गठ्ठा टेकवला.

पप्पा येऊन बसले. "हवा बघितली का?"

"व्हय, बघितली."

दौलताबाद मागं पडल्यावर ते चाक फुटलं. गाडी डावीकडं ओढली गेली ती लिंबाच्या झाडावर. पप्पा डावीकडं बसले होते. तीन दिवस दवाखान्यात होते. मग गेले. मला खरचटलंसुद्धा नाही.

घरी मी एवढंच सांगितलं की टायर फुटला. आईनं काही विचारलं नाही.

गाडी भंगारात दिली. त्याआधी चारही टोपणं काढली, त्यातले बारके सेल काढून टाकले. स्क्रीन पत्रकांच्या कपाटात ठेवली. पुढं एका रविवारी कपाट उघडलं. खिडकीतलं ऊन आत गेलं आणि स्क्रीन चालू झाली. तीन चाकांच्या जागी आडव्या रेषा. डावं मागचं – १९.

मी पप्पांची मुलगी आहे. आधी तपासलं. शेजारच्या कुणाच्या गाडीचं सेन्सर पकडत असेल म्हणून गाव सोडून मोकळ्या माळावर नेऊन बघितलं. पाच वेळा रीसेट केलं. दर वेळी चार रेषा येतात, मिनिटभर थांबतात, आणि मग... १९. आमच्या गल्लीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांना दिली. आकड्याचं मी त्यांना काही सांगितलं नाही.

"बेटा, इसकी याददाश्त मैंने पूरी साफ कर दी," ते म्हणाले. "फिर भी उन्नीस बोल रहा. सेन्सर किधर है?"

"सेल काढून टाकलेत, चाचा."

"तो ये सुन किसकी रहा है?" ते हसले. मग हसायचे थांबले आणि स्क्रीन कागदात गुंडाळून परत दिली.

तो आकडा त्या सकाळी माझ्याशिवाय कुणी बघितला नव्हता.

चाचांकडून परत आले त्या दुपारी आई मेथी निवडत होती. टेबलावर स्क्रीन होती. तिनं विचारलं, "हे एकोणीस काय हाय गं?"

मी सगळं सांगितलं. बटण, गठ्ठा, 'बघितली' म्हणाले ते. ती मेथी निवडत राहिली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"दवाखान्यात म्हणले ते. 'खडू तर माझ्याच खिशात होता, तिनं मागितलाच नाय.'" तिनं एक काडी बाजूला टाकली. "अन् म्हणले, 'तिला इचारू नको. ती आपणहून सांगंल.'"

मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. मी स्क्रीनकडं बघितलं. एकोणीसच होतं.

कुणी रचलेली गोष्ट असती तर सांगून झाल्यावर तो आकडा गेला असता, नाहीतर तेहतीस झाला असता. तसं काही झालं नाही. हे लिहितानाही तो समोर आहे. पप्पा आले, असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका. अंगारा घेऊन तर कुणी आमच्या दारात येऊच नका. चाचांना कळलं नाही, मला कळलं नाही. एवढंच खरं आहे.

त्यापेक्षा एक काम करा. इशारा वाजला तर बटणाला हात लावायच्या आधी खाली उतरा. गुडघे टेका. चारही चाकांना गेज लावा, हवा भरा, टायरवर खडूनं आकडा लिहा. मग रीसेट करा. आणि तोवर कुणी विचारलं, "हवा बघितली का?" – तर "नाही" म्हणा.