गुणाजींचं नाक

घाटकोपरला चंद्रप्रकाश शेठची पत्र्याची शेड होती. अंधेरी-मुलुंडच्या यंत्रमागांवरून उरलेल्या रेयॉनचा, म्हणजे नकली रेशमाचा, गुंता पोत्यांनी तिथं यायचा, निवडला जायचा आणि तो पिंजून पुन्हा सूत काढणाऱ्यांना विकला जायचा. लोक त्याला कचरा म्हणत. तिथं माल पारखणाऱ्या गुणाजी घाडींना त्याचा भारी राग. "कचरो देवनारक जाता, हय माल येता!" ते सुनावायचे.

बायका रंगाप्रमाणे ढीग लावायच्या. प्रत्येक ढिगातून गुणाजी चार-दोन धागे उपसत, रॉकेलच्या चिमणीवर जाळत आणि नाकाशी धरत. जळक्या कागदाचा वास आला की रेयॉन, जळक्या केसांचा आला की खरं रेशीम. अलीकडे, म्हणजे छप्पन सालच्या सुमाराला, अ‍ॅसिटेट नावाचा नवाच धागा यायला लागला होता. दिसायला रेयॉनचा सख्खा भाऊ, पण जळला की आंबट, झोंबरा वास. तो रेयॉनमध्ये मिसळला की वाट लागली, कारण रेयॉनचा रंग त्याला चढत नाही. गुणाजींच्या डोळ्यांनी केव्हाच दगा दिला होता, बोटं बारा वर्षं चटके खाऊन बधिर झाली होती. उरलं होतं नाक. त्या नाकाचा रुबाब असा की खुद्द शेठ त्यांच्याजवळ सिगारेट पेटवत नसे.

तेच नाक भाद्रपदातल्या तापानं नेलं.

कळलं ते घरी. चुलीशेजारी ते बिनघोर बसले होते आणि रत्नप्रभा, त्यांची बायको, बाहेरून धावत आली. "भात करपलो! तुमका वास येवक नाय?" गुणाजी हसले. त्यांनी हिंग हुंगला, सुकट हुंगली, रॉकेलची बाटली हुंगली. काही नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं कोण कामावर घेणार? त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मग त्यांनी एक युक्ती काढली. तिची पुढं त्यांना फार शरम वाटली. चिमणीपासून दोन हातांवर वनमाला बसायची. तरणी विधवा, कामाला चोख, बोलणं कमी. आंबट वास सुटला की ती नाकाला पदर लावायची. गुणाजी धागा नाकाशी धरत, डोळे मिटल्यासारखे करत आणि पापणीआडून तिच्याकडे बघत. पदर वर गेला, "अ‍ॅसिटेट!" पदर जागेवर, "रेयॉन!" आवाज अगदी पूर्वीचाच, ठणठणीत. पण तिला साधी शिंक आली तरी ते दुसरा धागा जाळून बघत.

असे तीन महिने गेले. मग एक दिवस वनमाला बहिणीकडे बारशाला बोरिवलीला गेली. तिचा आदल्या दिवशीचा ढीग समोर होता, गाडी दारात उभी होती, शेठ घाई करत होता. गुणाजींनी धागा जाळला, वनमालाच्या रिकाम्या गोणपाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "रेयॉन."

त्यानंतर आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. नवव्या दिवशी मुलुंडचा ब्लँकेटवाला काशीराम त्याच मालाच्या रंगवलेल्या सुताची लड घेऊन शेडमध्ये शिरला. तांबड्या लडीवर जागोजाग पांढरे ठिपके.

"कोड फुटल्यासारखं दिसतंय, शेठ! बघा!"

शेठनं लड पाहिली, गुणाजींकडे पाहिलं. "गुणाजीचं नाक चुकत नाय. बायकांनी नंतर माल मिसळला असणार. ढीग कुणाचा होता? वनमालाचा ना? वनमाला, उद्यापासून येऊ नको."

वनमाला उभी राहिली. गुणाजींना वाटलं, आता गप्प राहिलं की झालं. सगळं आपोआप मिटतंय. आणि याच विचाराची त्यांना किळस आली.

"शेठ, तिची चूक नाय. माका वास येत नाय. भाद्रपदापासून."

"काय मस्करी करतोस!" शेठ हसला. त्यानं स्वतः पोत्यातला एक धागा ओढला, चिमणीवर धरला आणि धुरासकट त्यांच्या नाकाखाली नेला. "बोल, काय आहे हे?"

काशीराम बघत होता, साऱ्या बायका बघत होत्या. सवयीनं गुणाजींची नजर वनमालाकडे गेली. ती त्यांच्याकडेच बघत होती. मग तिनं अगदी सावकाश, त्यांना नीट दिसेल असा, पदर नाकाला लावला.

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. 'अ‍ॅसिटेट' एवढा एक शब्द गुणाजींनी उच्चारला असता तर नाकाचा रुबाब शाबूत राहिला असता.

"माका कळत नाय, शेठ," ते म्हणाले. "तीन महिने तीच सांगत होती. तिलाच विचारा."

त्यांनी चिमणी उचलली आणि वनमालाच्या पुढ्यात ठेवली. मग तिच्या गोणपाटावर बसून त्यांनी समोरचा गुंता निवडायला घेतला.