शर्यतीचे ब्रेक पॅड

गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान, म्हणून सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. दुकानात माणूस मोठा समजूतदार. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "जरा जास्त नंबरची काच द्या, आणखी लख्ख दिसेल," तर तो सांगायचा, "डोळ्याला लागेल तेवढाच नंबर. जास्तीचा घेतलात तर डोकं धराल." मग स्वतःच्या गाडीच्या वेळी ही अक्कल कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

गाडी जुनी, लाल, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. तरुणपणी जिच्याकडे नुसतं बघत राहिला होता, तीच चाळिशी उलटल्यावर वापरलेली मिळाली. ब्रेक पॅड झिजले तेव्हा स्पेअर पार्टवाल्याने विचारलं, "रोजच्या वापराला, की शर्यतीला?"

"सगळ्यात भारी असतील ते काढा."

"शर्यतीचे भारी आहेत, पण तापल्याशिवाय धरत नाहीत."

"मग माझ्यासारखेच की," चष्मेवाला म्हणाला. दुकानातली माणसं हसली. लोक हसले की त्याला पुढचं काही ऐकू येत नसे.

दर रविवारी तो आधी गावाबाहेरच्या उतारावर एकटाच जायचा, पाच-सहा वेळा करकचून ब्रेक मारायचा, आणि मग परत येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना चक्कर मारून आणायचा. गाडी जागच्या जागी थांबायची. शेजारी वाहवा करायचे आणि हा फुगायचा.

एका सकाळी बायकोच्या छोट्या गाडीची बॅटरी उतरली. माहेरी जाऊन आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून तिने लाल गाडीची चावी मागितली. त्यानेही ऐटीत दिली. फाटकातून निघून ती वळणापर्यंत गेली आणि समोरच्या बागेच्या भिंतीवर जाऊन आदळली. तिला काही झालं नाही. भिंतीच्या चार विटा निखळल्या आणि गाडीचं नाक आत गेलं.

"मी ब्रेक दाबला होता," ती उतरल्या उतरल्या म्हणाली.

"ब्रेक कालपरवाचे आहेत," तो गल्लीतल्या जमलेल्या माणसांकडे बघत म्हणाला. "पाय कुठे होता ते विचार स्वतःला." लोक जरासे हसले. तेवढ्यावर गप्प बसला असता तर तो चष्मेवाला कसला? "आजपासून हिचं नाव भिंतफोडे बाई." आता सगळे खो खो हसले. ती पिशवी उचलून घरात गेली.

नाव चिकटलं. दूधवाला म्हणायला लागला, वरच्या मजल्यावरची मुलं म्हणायला लागली. इतकी वर्षं गाडीला साधा ओरखडा न पाडणारी ती बाई, तिने छोट्या गाडीची चावी फ्रिजवर ठेवली ती ठेवलीच. आईला रिक्षाने न्यायला लागली. याला वाटलं, बरं झालं, धडा मिळाला.

डेंटरने नाक सरळ केलं, तेव्हा तो सकाळी गाडी आणायला गेला. वर्कशॉपसमोर लहानसा उतार होता आणि उताराच्या टोकाला पाण्याचं पिंप. त्याने गाडी उतारावर घेतली आणि ब्रेक दाबला. पेडल लाकडासारखं घट्ट लागलं, पण गाडी चालतच राहिली. त्याने दोन्ही पायांनी दाबला. गाडी पिंपाला जाऊन भिडली.

"काय साहेब," डेंटर म्हणाला, "वहिनींकडून शिकलात वाटतं?"

तो सवयीने हसला, आणि हसता हसताच त्याला सगळं उमगलं. थंड पॅड. उतारावरून तापवून न आणलेले. पिंपाशेजारी उभं राहून त्याला डेंटरच्या तोंडाकडेही बघवेना.

घरी आला तेव्हा ती भाजी निवडत होती.

"तुझी चूक नव्हती," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पॅड तापल्याशिवाय धरतच नाहीत. मला दुकानदाराने सांगितलं होतं."

"बरं."

"तू तेव्हा बोलली का नाहीस?"

तिने मान वर केली. "बोलले होते. सगळ्यात आधी तेच बोलले होते."

त्याला स्वतःचीच लाज वाटली, इतकी की पाणी प्यायलाही तो स्वयंपाकघरात गेला नाही.

रविवारी त्याने फाटकापाशी गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली आणि साधे, रोजच्या वापराचे पॅड बसवायला घेतले. मुद्दाम तिथेच, सगळ्यांना दिसेल असं. शेजारचे पेन्शनर आजोबा थांबले. मागोमाग दूधवाला आला, वरची मुलं जिन्यावरून डोकावली.

"काय हो, भिंतफोडे बाईंसाठी सोय चाललीय का?" आजोबांनी विचारलं.

तो उठून उभा राहिला. हात काळे झाले होते. "नाही आजोबा. भिंत मी फोडली. तिने ब्रेक बरोबर दाबला होता. चुकीचे पॅड मी घातले होते, आणि वर तिलाच नावं ठेवली."

मग आजोबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बायकोने चांगलंच पढवलेलं दिसतंय." दूधवाला हसला, मुलं हसली.

"मी चेष्टा करत नाहीये," तो म्हणाला. त्यावर ते आणखीच हसले.

त्याने वर पाहिलं. ती खिडकीत उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती एकटीच हसत नव्हती. तिने हळूच खिडकी लावून घेतली, आणि तो खाली बसून पुन्हा पाना फिरवायला लागला.